विहिरीच्या नोंदी आणि शहराचे भवितव्य

पूर ओसरला की पुराची चर्चाही ओसरते, हा पुणेकरांचा जुना अनुभव आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हाच्या आठवणी दर पावसाळ्यात एकदा निघतात आणि पुन्हा मिटतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत शिरून हाहाकार माजवला. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील रहिवाशांना घराबाहेर काढावे लागले. त्याच दिवशी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुळशी तालुक्यातील ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या आकड्याची चर्चा दोन दिवस झाली आणि मग तोही विस्मृतीत गेला.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर 'हवामान बदल' हा शब्द उच्चारला जातो. त्याच्या पाठोपाठ अलीकडे आणखी दोन संज्ञा रूढ झाल्या आहेत. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, म्हणजे अनुकूलन, ही पहिली आणि आघात सोसून शहराने पुन्हा उभे राहणे, तग धरणे, ही दुसरी. या दोन संज्ञांभोवती एक नवे संशोधनक्षेत्र आणि एक नवा व्यवसायही उभा राहिला आहे. विद्यापीठांतून त्यासाठी अभ्यासक्रम निघाले, देशी-विदेशी प्रतिष्ठानांनी निधी दिला, महापालिका सल्लागार नेमू लागल्या. भूगोल, अभियांत्रिकी, वास्तुरचना, अर्थशास्त्र अशा नाना वाटांनी येणाऱ्या तरुणांना या क्षेत्रात कारकीर्द करावीशी वाटते, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे, की ही कारकीर्द उभी राहते कशावर? या प्रश्नाचे उत्तर परदेशातील विद्यापीठांत शोधण्यापूर्वी पुण्याच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोळवण खोऱ्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

उदंड पाऊस, कोरड्या विहिरी

चांदणी चौक, पिरंगुट, पौड असा रस्ता धरून उत्तरेकडे वळले की मुळशी तालुक्यातील हे खोरे लागते. हाडशी, वाळेण, चिखलगाव, कोळवण अशी गावे या खोऱ्यात वसली आहेत. खोऱ्यातून वाहणारी वळकी नदी पुढे मुळेला मिळते आणि मुळा पुण्यात येऊन मुठेला. म्हणजे कोळवणच्या डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब अखेर शहराच्याच वाटेला लागतो. इंद्रायणी भाताची खाचरे, सभोवती सह्याद्रीच्या सोंडा आणि पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे असंख्य ओहोळ हे दृश्य पाहणाऱ्याला इथे पाण्याचा तुटवडा असू शकेल, अशी शंकाही येत नाही.

वस्तुस्थिती मात्र उलट आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या अनेक खोऱ्यांप्रमाणे येथेही पावसाळ्यात पाणी उदंड आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला, असा विरोधाभास वर्षानुवर्षे चालत आला. त्याचे कारण जमिनीखालच्या कातळात आहे. दख्खनचे पठार लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनले. काही थर घट्ट आणि अभेद्य, तर काही थर वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेले. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या भागात, थरांमधल्या फटींत आणि भेगांत. ही जागा अत्यल्प असते. मृगापासून श्रावणापर्यंतच्या पावसात ती भरून जाते. त्यानंतर पडणाऱ्या पावसाला जमिनीत शिरायला वावच उरत नाही. भरलेली ही साठवण पुढे झऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या रूपाने हळूहळू रिती होते आणि चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. पाऊस किती पडतो यापेक्षा जमीन किती साठवते आणि किती दिवस धरून ठेवते, हा येथे खरा प्रश्न ठरतो.

या खोऱ्यात पाणलोट विकासाचे काम गोमुख न्यासाने हाती घेतले. त्यामागची प्रेरणा होती अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांची. नर्मदेवरील मोठ्या धरणांचे त्यांनी केलेले साकल्याने विश्लेषण १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते, त्यापूर्वी टिहरी धरणाचे मूल्यमापनही त्यांनी केले होते. मोठ्या धरणांच्या आर्थिक गणितातील उणिवा दाखवणाऱ्या अभ्यासकाने एका छोट्या नदीच्या खोऱ्यात पर्याय शोधायला यावे, यात एक सुसंगती होती. टीकाकाराने टीकेवर न थांबता स्वतःच्या म्हणण्याची जमिनीवर परीक्षा द्यावी, असे उदाहरण विरळा आढळते.

एका बंधाऱ्याची परीक्षा

कोळवणचे खरे महत्त्व मात्र त्यानंतरच्या टप्प्यात आहे. गावोगावी बंधारे बांधले की भूजल वाढते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी दृढ आहे की तिची तपासणी करण्याची गरजच कुणाला वाटत नाही. ही तपासणी २००२ नंतरच्या काही वर्षांत कोळवण खोऱ्यात झाली. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या पुढाकाराने आणि ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाच्या निधीतून कृत्रिम पुनर्भरणाचा अभ्यास करणारा एक प्रकल्प राबवण्यात आला. त्यासाठी भारतातील तीन ठिकाणे निवडली गेली. गुजरातमधील सतलासणा, तमिळनाडूतील कोइमतूर परिसर आणि महाराष्ट्रातील कोळवण. कोळवणची जबाबदारी पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेकडे होती. तत्कालीन पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात अध्यापन केलेले भूजलशास्त्रज्ञ हिमांशु कुलकर्णी हे या संस्थेचे एक संस्थापक. संस्था स्थापन झाली १९९८ साली.

अभ्यासाची रीत साधी आणि कष्टाची होती. पाऊस मोजायचा, बाष्पीभवन मोजायचे, चिखलगावच्या बंधाऱ्यातील पाण्याची पातळी मोजायची, ओढ्याचा प्रवाह मोजायचा आणि भोवतालच्या विहिरींत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते पुनःपुन्हा पाहायचे. कातळाचे थर कुठे उघडे पडले आहेत, ते कोणत्या दिशेने उतरतात, हे पायी फिरून नकाशावर उतरवायचे. मग या साऱ्या आकड्यांचा ताळेबंद मांडायचा. अशा कामात चमत्कार नसतो. एका ऋतूच्या नोंदी दुसऱ्या ऋतूच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय काहीच हाती लागत नाही.

या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष बंधाऱ्यांच्या पुरस्कर्त्यांना फारसा सोयीचा नव्हता. जेथे पाऊस मुबलक आहे आणि भूगर्भातील साठवण मर्यादित आहे, तेथे पावसाळ्यात ती निसर्गतःच भरते, बंधाऱ्यामुळे तीत पडणारी भर त्या मानाने थोडी असते आणि तिचा परिणाम बंधाऱ्याच्या आसपासच्या परिसरापुरता राहतो. शिवाय ओढ्याच्या ज्या भागात भूजल बाहेर पडते, त्या भागात बांधलेला बंधारा जमिनीला पाणी देण्याऐवजी जमिनीतून आलेले पाणी अडवून ठेवण्याचे काम करतो. ते पाणी शेतकऱ्याला उपयोगी पडते, हे निश्चित. परंतु त्याला पुनर्भरण म्हणणे शास्त्राला धरून नाही. २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अहवालानेही तीनही ठिकाणांच्या अनुभवावरून हेच अधोरेखित केले, की बंधाऱ्याचे यश त्या जागेच्या भूगर्भावर अवलंबून असते आणि सर्वत्र एकच उपाय लागू पडत नाही.

या निष्कर्षाचे मोल पुढे एका तपाने कळावे, हे दुर्दैव. राज्यात २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. ओढे खोल आणि रुंद करण्याच्या कामांचा धडाका लागला. त्यावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात त्याचा अत्यल्प परिणाम दिसतो, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या २०२० साली विधिमंडळात सादर झालेल्या अहवालाने ठेवला. या अभियानाचे समर्थन आणि विरोध दोन्ही राजकीय आखाड्यात झाले. मात्र वादाच्या गदारोळात, कोणता ओढा भूजलाला पाणी देतो आणि कोणता भूजलाकडून पाणी घेतो, हा प्राथमिक प्रश्न बाजूला पडला. कोळवणमध्ये तो विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मिळवण्याची रीतही तेथे सिद्ध झाली होती.

खोऱ्यातून शहराकडे

कोळवणच्या अभ्यासाचा शहरांशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. हा संबंध दोन अंगांनी आहे. पहिला माणसांचा. पुनर्भरणाच्या त्या प्रकल्पाच्या अंतिम अहवालाच्या लेखकांत मार्कस मेंच यांचेही नाव आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये असलेल्या ज्या संस्थेशी ते निगडित होते, तिने नेपाळचे अजय दीक्षित आणि दक्षिण आशियातील इतर अभ्यासकांच्या सहकार्याने पूर आणि अवर्षण यांना लोक कसे तोंड देतात, याचा अभ्यास केला आणि २००४ साली तो प्रसिद्ध झाला. पाण्याच्या संकटात टिकून राहणारी कुटुंबे केवळ पाण्याच्या बळावर टिकत नाहीत, तर रस्ता, शाळा, बाजारपेठ, नात्यागोत्यातला आधार आणि दुसरा रोजगार यांच्या बळावर टिकतात, असा या विचाराचा गाभा होता. पुढे २००८ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या निधीतून आशियाई शहरांसाठी जो उपक्रम उभा राहिला, त्यात हीच संस्था तांत्रिक सहकारी होती. त्या उपक्रमातील भारतातील पहिली तीन शहरे सुरत, इंदूर आणि गोरखपूर. शहरांच्या तग धरण्याच्या क्षमतेचे जे शास्त्र आज जगभर शिकवले जाते, त्याचे एक मूळ अशा रीतीने भारतातील खेड्यांच्या विहिरींपर्यंत पोहोचते.

दुसरा संबंध कातळाचा. पुणे शहर ज्या थरांवर उभे आहे ते थर आणि कोळवणच्या विहिरी ज्या थरांत खोदल्या आहेत ते थर एकाच जातीचे. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली पुण्याच्या जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तरांचा, प्राथमिक आढावा अहवालरूपाने मांडला. त्याला पर्यावरण शिक्षण केंद्र आणि शहरातील भूजलासाठी एकत्र आलेल्या नागरिकांची साथ होती. खडकवासला साखळीतील चार धरणांचा सुमारे २९ अब्ज घनफूट साठा हा पुण्याच्या पाण्याचा हिशेब, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सोसायट्यांच्या कूपनलिका, वाड्यांतील जुन्या विहिरी आणि टँकर भरणाऱ्या खासगी विहिरी यांतून उपसले जाणारे पाणी या हिशेबात धरलेच जात नाही. शहराच्या कडेच्या गावांत तर याच पाण्यावर मोठी वस्ती जगते. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा हद्द एका आदेशाने वाढली. जलवाहिनी आदेशाने वाढत नाही.

राम नदीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुळशी तालुक्यातील भुकूमच्या परिसरात उगम पावणारी ही छोटी नदी बावधन, पाषाण, बाणेर अशा झपाट्याने वाढलेल्या उपनगरांतून वाहत मुळेला मिळते. तिच्या काठचे झरे बुजले, पात्रावर भराव पडला, टेकड्यांचे उतार सिमेंटने झाकले गेले, तर दोन परिणाम एकाच वेळी होतात. पावसाळ्यात जमिनीत न मुरलेले पाणी घरांत शिरते आणि उन्हाळ्यात झऱ्यांअभावी नदीचे गटार होते. पूर आणि टंचाई ही एकाच बिघाडाची दोन टोके आहेत. आपत्ती व्यवस्थापन विभाग एका टोकाकडे पाहतो, पाणीपुरवठा विभाग दुसऱ्या टोकाकडे आणि मधला कातळ कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

प्रकल्प संपतो, पावसाळा संपत नाही

येथेच या क्षेत्रातील कारकिर्दीचा यक्षप्रश्न उभा राहतो. अनुकूलनाचे बहुतेक संशोधन प्रकल्पाच्या निधीवर चालते आणि प्रकल्पाचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षांचे असते. विहिरीचे आयुष्य पिढ्यांचे आणि हवामानाचा कल ओळखण्यासाठी लागणारी नोंद तीस-तीस वर्षांची. निधी संपला की निरीक्षक जातो, निरीक्षक गेला की नोंदवही बंद होते. पुढचा प्रकल्प येतो तो नव्या गावात, नव्या संज्ञा घेऊन, कारण निधी देणाऱ्याला नावीन्य हवे असते. परिणामी देशात ठिकठिकाणी तीन-तीन वर्षांच्या तुटक नोंदींचे ढीग साचले आहेत. सलग अशी एकही मालिका हाती नाही, अशी स्थिती असंख्य लहान खोऱ्यांची आहे.

शहरांच्या बाबतीतही हेच घडले. रॉकफेलर प्रतिष्ठानाने जगातील शंभर शहरांसाठी जो उपक्रम काढला, त्यात २०१६ साली पुण्याची निवड झाली. त्याचे स्वागत मोठ्या उत्साहाने झाले, विविध गटांशी चर्चा झाल्या आणि २०१९ साली पुण्याचे धोरणपत्र तयार झाले. त्याच वर्षी त्या शंभर शहरांचा मूळ उपक्रम प्रतिष्ठानाने गुंडाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु आघात सोसण्याची शहराची तयारी बाहेरच्या निधीच्या वेळापत्रकावर सोडता येत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

याउलट, पुण्याला चिकाटीच्या निरीक्षणाची मोठी परंपरा आहे, याचा विसर पडू नये. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. १९३२ साली एल. ए. रामदास यांनी येथे कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू केले. जमिनीलगतच्या काही सेंटिमीटरमधील हवेचे तापमान मोजताना रात्रीच्या वेळी सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसून थोडी वर असते, असे त्यांना आढळले. प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जाणारे ते निरीक्षण आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास अस्तित्वात आली आणि तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजण्याची पद्धत दशकानुदशके चालू राहिली. सरकारी यंत्रणेवर टीका करणे सोपे असते. पण आज महाराष्ट्राच्या भूजलाविषयी जे काही ठामपणे सांगता येते, ते या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींमुळेच.

प्रारूपे हवीत, पण विहिरीही हव्यात

यावर एक आक्षेप घेतला जाईल. संगणकीय प्रारूपे आणि उपग्रह यांच्या युगात दोर सोडून विहीर मोजण्याचे कौतुक कशासाठी? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पाषाण रस्त्यावरील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एवढ्या व्यापक पातळीवरचा कल गावातील एका पर्जन्यमापकावरून कधीच उमगला नसता. मात्र तो शोधही दशकानुदशके कुणीतरी रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक वाचत होते म्हणूनच शक्य झाला. अशा नोंदी नसत्या, तर प्रारूपाला पडताळून पाहायला आधारच उरला नसता.

उपग्रहांचेही तसेच. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूजलाचा अंदाज घेणारे जुळे उपग्रह २००२ साली, म्हणजे कोळवणचा अभ्यास सुरू झाला त्याच सुमारास, अवकाशात गेले. त्यांनी वायव्य भारतातील भूजलाच्या घसरणीकडे जगाचे लक्ष वेधले. परंतु त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पटात पाहते. कोळवणचे खोरे त्या पटात एका ठिपक्याएवढेही नाही. महापालिकेला मात्र प्रश्न पडतो तो प्रभागाचा, गल्लीचा आणि ओढ्याच्या एका वळणाचा. जागतिक प्रारूप आणि गल्लीतला ओढा यांच्यामधले अंतर स्थानिक नोंदींनीच भरून काढावे लागते. ते भरून काढणारा माणूस म्हणजेच अनुकूलनाचा संशोधक.

या माणसाला आज जागा कुठे आहे? विद्यापीठात बढती मिळते ती शोधनिबंधांच्या संख्येवर. तीन वर्षे विहिरी मोजून 'बंधाऱ्याचा परिणाम मर्यादित' असा निबंध लिहिणाऱ्यापेक्षा तेवढ्याच काळात तयार आकडेवारीवर दहा निबंध लिहिणारा पुढे जातो. स्वयंसेवी संस्थेत काम करायचे तर पगार प्रकल्पाशी बांधलेला. महापालिकेत जायचे तर स्थापत्य अभियंत्याची, उद्यान अधीक्षकाची, आरोग्य निरीक्षकाची पदे असतात. भूजलशास्त्रज्ञ किंवा हवामान विश्लेषक हे कायम पद सेवाभरतीच्या नियमांत सहसा आढळत नाही. महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो, पण तो बहुधा बाहेरून करून घेतला जातो आणि मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहणारे कोणी कार्यालयात नसते. त्यामुळे या क्षेत्रातील हुशार तरुण एक तर परदेशी जातात, नाही तर सल्लागार कंपन्यांत स्थिरावतात. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कामाला कायमची खुर्ची नाही, ते काम आयुष्यभर करण्याची अपेक्षा कुणाकडून ठेवावी?

हिमांशु कुलकर्णी यांच्या कारकिर्दीचा आलेख या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. विद्यापीठातील अध्यापन, मग स्वतंत्र संस्था, कोळवणसारख्या खोऱ्यांतील दीर्घ क्षेत्रकार्य, त्यानंतर बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नियोजन आयोगाने शाश्वत भूजल व्यवस्थापनावर नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्षपद आणि पुढे पुण्याच्या जलधरांकडे वळलेले लक्ष. त्याच योजनाकाळात, २०१२ साली, देशातील जलधरांचे नकाशे तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. विहिरींची नुसती गणती पुरेशी नाही, त्या ज्या भूस्तरातून पाणी घेतात तो स्तर समजून घेतला पाहिजे, हा विचार खोऱ्यातल्या कामातून दिल्लीपर्यंत पोहोचला. हा मार्ग अनुकरणीय आहे. तथापि तो आखीव रस्ता नसून पायवाट आहे. वैयक्तिक चिकाटी, समविचारी सहकारी आणि वेळोवेळी मिळालेला निधी यांच्या संयोगाने ती तयार झाली. प्रत्येक तरुणाने अशी पायवाट स्वतःच पाडावी, अशी अपेक्षा ठेवून कोणतेही शास्त्र समाजात रुजत नाही.

थोड्या खर्चाचे काम

करण्यासारखे काय आहे, याची यादी लांब नाही. प्रत्येक मोठ्या महापालिकेत भूजल आणि हवामान यांचा अभ्यास करणारा छोटा पण कायमस्वरूपी कक्ष असावा आणि त्याच्या मताला बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेत वजन असावे. पूर्ण झालेल्या प्रकल्पांतील निरीक्षण विहिरी आणि पर्जन्यमापके जवळच्या महाविद्यालयाकडे सोपवावीत. भूगोल आणि भूशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी त्या मोजण्याचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येईल. या नोंदी लोकांना पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्यात. नोंदी ठेवणाऱ्या गावकऱ्याचे नाव अहवालात मजुरांच्या यादीत न जाता निरीक्षकांच्या यादीत यावे. आणि शहराच्या हवामान आराखड्याची हद्द महापालिकेच्या शिवेपाशी न थांबता नदीच्या उगमापर्यंत जावी.

यातील शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो खर्चाचा नसून अधिकाराचा आहे. मुळशी तालुका शहराकडे फार पूर्वीपासून सावधपणे पाहत आला आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली येथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. धरण झाले, पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहाकडे गेले आणि मुंबईचे दिवे उजळले. शतक उलटल्यावर तालुक्याकडे येणारा शहराचा ओघ वेगळ्या रूपात आहे. डोंगरउतारावरचे भूखंड, शेतघरे, विश्रामगृहे आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या कूपनलिका. उथळ विहिरी ज्या थरातून पाणी घेतात त्याखालच्या थरांत कूपनलिका उतरल्या, की खोऱ्याचा जुना ताळेबंद बदलतो. शहराला आपल्या तग धरण्याची चिंता असेल, तर खोऱ्याच्या तग धरण्याची किंमत त्याने मोजली पाहिजे. वरच्या गावांनी उतार राखावेत, झरे राखावेत आणि खालच्या शहराने त्याबद्दल केवळ आभार मानावेत, हा व्यवहार फार काळ चालणार नाही.

राज्य शासनाने पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द जोडले, मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. अन्य शहरांकडूनही अशाच आराखड्यांची अपेक्षा आहे. आराखडे यावेतच. त्यात कोणत्या संज्ञा वापरल्या आहेत, यापेक्षा त्यातील आकडे कुठून आले, ते कोणी मोजले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा कोण मोजणार, हे पाहण्याची सवय नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून घ्यायला हवी. वळकीच्या काठावरच्या विहिरीत वैशाखात पाणी किती खाली जाते, हा आकडा पुण्याच्या कोणत्याही धोरणपत्राइतकाच महत्त्वाचा आहे. तो दरवर्षी नोंदवणारा माणूस नेमणे आणि त्याला त्या कामावर टिकवून ठेवणे, एवढे जरी साधले तरी अनुकूलनाच्या दिशेने ते पहिले ठोस पाऊल ठरेल.